काउंटर सोडून

११ जानेवारी

लेकीनं जागा घेतली. कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान, जे कधीपासून बंद पडलं होतं, ते. चांगली नोकरी सोडून गोड पदार्थांचं दुकान काढणार म्हणते. जेली, टॉफ्या, चॉकलेटं, साखरेत घोळवलेले बदाम. बायकोला हे सगळं आधीच माहीत होतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मला शेवटी सांगायचं, ही या घरातली जुनी पद्धत आहे.

मी लगेच म्हटलं, काउंटर मी करून देणार. जन्मभर लोकांची टेबलं-कपाटं दुरुस्त करून चकचकीत करणाऱ्या माणसाच्या मुलीच्या दुकानात प्लायवूड आलं, तर मी बाजारात तोंड कुठे दाखवायचं? एका जुन्या शाळेच्या टेबलांच्या फळ्या मी अशाच एखाद्या कामासाठी राखून ठेवल्या आहेत. लेक खूश झाली. मग म्हणाली, उद्घाटनाच्या दिवशी पहिली जेली बाबानं खायची. मी म्हटलं, बघू.

हे ‘बघू’ का म्हटलं ते लिहून ठेवतो, कारण मला तोंडानं नीट सांगता येत नाही. मागच्या वर्षी एका गोठ्यावर दुरुस्त केलेलं कपाट पोचवायला गेलो होतो. तिथं आईपासून वेगळं बांधलेलं एक वासरू होतं. मी जवळ गेलो तर ते माझा अंगठा चोखायला लागलं. माझ्या अंगठ्याला सरसाचा वास होता. सरस म्हणजे कातडी आणि हाडं उकळून केलेला आमच्या धंद्यातला जुना चिकट पदार्थ. मी आयुष्यभर त्यानं खुर्च्यांचे पाय चिकटवले. ते वासरू तो अंगठा सोडेना आणि मला तो ओढून घेता येईना. मी तिथं उभा राहून रडलो, गोठेवाला बघत होता तरी.

त्या दिवसापासून दूध सुटलं, अंडी सुटली, मध सुटला. सरसाची बरणी मी स्वतः नेऊन टाकली आणि कारखान्यातला पांढरा गोंद आणला. लेकीच्या भाषेत मी आता व्हीगन आहे. घराचं मी काही सांगू शकत नाही, पण माझं वर्कशॉप स्वच्छ आहे.

१९ जानेवारी

लेकीनं पहिल्यांदा जेली केली. लाल, चौकोनी, हलवली की थरथरणारी. बशी माझ्यासमोर ठेवून ती उभी राहिली. मी विचारलं, घट्ट कशानं झाली? ती म्हणाली, जिलेटिन. म्हणजे सरसाचीच सख्खी बहीण, फक्त अंघोळ करून आलेली. मी बशी पुढे सरकवली.

सगळेच वापरतात, ती म्हणाली. मी तिला वासराची गोष्ट पुन्हा सांगितली. ती म्हणाली, माहीत आहे, बाबा. मग बशी घेऊन आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ सुरू होता. एवढ्याशा बशीला एवढं पाणी कशाला, असं मी बाहेरून सांगितलं.

२ फेब्रुवारी

आठवडाभर मोबाइलवर वाचतो आहे. माणसानं या वयात एवढं वाचू नये. गोडातला लाल रंग कधी कधी वाळवलेल्या किड्यांचा असतो. टॉफ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना मधमाश्यांचं मेण लावतात. आणि पांढरी साखर कुठे कुठे हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. हे ‘कुठे कुठे’ मला फार त्रास देतं. सगळीकडे म्हटलं असतं तर साखर सोडली असती, कुठेच नाही म्हटलं असतं तर निवांत झालो असतो. दाण्याकडे बघून तर काही कळत नाही. मी भिंग लावून पाहिलं.

सकाळी बेकरीवाल्याला विचारलं की पावावर ही चकाकी कशाची? तो म्हणाला, पाव घ्यायचा तर घ्या, नाहीतर मागच्याला वाट द्या. मी म्हटलं, विचारायचा हक्क आहे मला. तो म्हणाला, रोज आहे का? मागचे लोक हसले. आता गल्लीत मला तपासनीस म्हणतात असं कानावर आलं. भाजीवालीनं बायकोला विचारलं म्हणे, तपासनीस साहेब आज दिसले नाहीत. ती घरी आल्यापासून गप्पच होती. बहुतेक पाय दुखत असावेत.

१० फेब्रुवारी

लेकीनं जिलेटिन सोडलं. समुद्रातल्या शेवाळापासून करतात ती पूड आणली आहे. पहिल्या वेळी जेलीचं रबर झालं, दुसऱ्या वेळी सरबत. मग किती पातेली ओतली देव जाणे. तिच्या मनगटावर चटक्यांच्या रेघा आहेत. रंग बिटाचा. आज जमली. दिसायला पहिल्यापेक्षाही सुरेख.

मला खरंच कौतुक वाटलं आणि ते मी बोलूनही दाखवलं. मग विचारलं, साखर कुठली?

तिनं चमचा खाली ठेवला. बायको तिच्याकडे पाहत होती. शेवटी लेक म्हणाली, साखर कारखान्याला फोन करून विचारते. संध्याकाळी सांगितलं की हाडांचा कोळसा वापरत नाहीत, दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. मी म्हटलं, फोनवर काय, कुणीही काहीही सांगेल. तिनं दुसऱ्या कारखान्याला फोन करायचं ठरवलं आहे.

आजकाल माझ्यासारखी गिऱ्हाइकं वाढत चालली आहेत, हे तिनं बरोबर ओळखलेलं दिसतं. धंद्याची नजर आहे पोरीला. माझ्यावर गेली आहे.

२० फेब्रुवारी

आज जेवताना बदामांचा विषय निघाला. साखरेत घोळवलेल्या बदामांना दुकानात जी तुळतुळीत चकाकी असते, ती येत नाही म्हणून लेक हैराण आहे. बदाम चवीला उत्तम, पण दिसायला धूळ बसल्यासारखे. मी म्हटलं, मग बाकीचे काय लावतात? ती म्हणाली, ग्लेझ मिळतं तयार, पण ते एका किड्यापासून येतं.

माझा घास तोंडातच राहिला. मी विचारलं, कुठल्या किड्यापासून? ती सांगायला लागली आणि मध्येच थांबून माझ्या हातांकडे बघायला लागली. हात मनगटापर्यंत तपकिरी होते, काउंटरच्या फळ्यांना पॉलिशचा पहिला हात देऊन तसाच जेवायला बसलो होतो. “असतो एक बारीक किडा, झाडावरचा,” एवढंच बोलली ती. “जाऊ दे. बदाम बिनचकाकीचेच विकेन.”

मी उठून हात स्वच्छ धुऊन आलो. पोरीला आता टापटीप कळायला लागली आहे. परत बसल्यावर मात्र राहवेना म्हणून बोललो. नुसतं चमकावं म्हणून किड्यांचा जीव घ्यायचा, कसली माणसं ही? वस्तू चांगली असेल तर तिला स्वतःचं तेज असतं. बायकोला जोराचा ठसका लागला. तिला पाणी दिलं.

२८ फेब्रुवारी

काउंटर उभं राहिलं. आजपासून खरं पॉलिश.

हे काम मला सगळ्यात आवडतं. लाखेचे तांबूस, कागदासारखे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचे, सकाळी गाळायचे, कापसाचा बोळा मऊ कापडात बांधायचा आणि गोल गोल फिरवत राहायचं. थांबलं की डाग पडतो, म्हणून थांबायचं नाही. एक हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. आधी लाकूड नुसतं ओलं दिसतं. मग एका क्षणी त्यात खिडकी दिसायला लागते. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी शिकलो ते म्हणायचे, लाकडाचा जीव लाकडातच राहिला पाहिजे, आपण फक्त खिडकी उघडायची.

बायको डबा घेऊन दुकानात आली होती. बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, “हे कशाचं असतं हो?”

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. मी सविस्तर सांगितलं. लाख झाडाच्या फांद्यांवर धरते, तिथून खरवडून काढतात, धुतात, वितळवतात, पसरतात. डिंकासारखीच झाडाची देणगी. यात कारखान्यातलं विषारी काही नाही, कुणाचं रक्त नाही. आमच्या धंद्यात सरस सोडला तर सगळं स्वच्छ, आणि सरस मी सोडला.

बायको लेकीकडे बघत होती. लेक बरण्या पुसत होती. “आई, डबा थंड होतोय,” ती म्हणाली. दोघींचं काहीतरी बिनसलेलं असावं. मी मध्ये पडलो नाही.

९ मार्च

दुकानाची पाटीही मीच केली. उरलेल्या फळीतून. अक्षरं पांढऱ्या रंगात, माझ्याच हातची: ‘इथे प्राण्यांपासून आलेलं काहीही नाही.’ वर दोन हात पॉलिश, म्हणजे पाऊसपाण्याची काळजी नको. वाक्य मी सुचवलं. लेक म्हणाली होती, पदार्थांची नावं लिहू या. मी म्हटलं, नावं सगळेच लिहितात.

पाटी भिंतीला टेकवून आम्ही दोघं बघत होतो. ती म्हणाली, “बाबा, तू अजून माझी एकही गोष्ट खाल्लेली नाहीस.”

खरं आहे. मी म्हटलं, जवळजवळ खात्री झाली आहे, थोडंच राहिलं आहे. दुसऱ्या कारखान्याच्या साखरेचं झालं, पण चॉकलेटवाले तेच यंत्र दुधाच्या चॉकलेटलाही वापरत असतील तर? लिंबाच्या सालीला मेण लावलेलं असेल तर?

“मग ही पाटी मी लावणार नाही,” ती म्हणाली. “माझ्या बापालाच खात्री नसेल तर लोकांना मी कुठल्या तोंडानं सांगू? तू उद्घाटनाला खाल्लंस तर लावेन. नाही खाल्लंस तर नाही.”

मी म्हटलं, शंभर टक्के खात्री झाली की खाईन, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

“शंभर टक्के खात्री तुला कशाची आहे, बाबा? कुठल्याही एका गोष्टीची सांग.”

“माझ्या कामाची,” मी म्हटलं.

ती काउंटरवरून हात फिरवत राहिली. बोटांचे ठसे उठतात म्हणून मी तिला हात काढायला सांगितलं.

१४ मार्च

परवा उद्घाटन. आज दुकानात मागच्या कपाटाची फळी बसवायला गेलो. लेक सामान आणायला बाहेर गेली होती. कपाट रिकामं करताना मागे, पिठाच्या डब्याआड, एक छोटी बाटली मिळाली. वर लिहिलेलं: मिठाईसाठी ग्लेझ.

म्हणजे पोरगी मला तोंडावर एक सांगते आणि कपाटात दुसरंच ठेवते. इतके दिवस मी प्रश्न विचारतो म्हणून सगळे मला हसले, आता कळलं ना का विचारतो ते? शेवटी घरातच सापडलं. वाईट एवढ्याचंच वाटलं की मला वाटत होतं ती खरंच सगळं सोडते आहे. मोरीत ओतायला म्हणून मी झाकण उघडलं.

वास आला.

मी झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. डोळ्यांना कुणीही फसवेल, पण या वासात मी रोज सकाळी वर्कशॉप उघडत आलो आहे. स्पिरिट आणि त्याच्या मागे ती गोडसर, जुन्या कपाटासारखी झाक. बाटली खिशात घालून वर्कशॉपमध्ये गेलो. फळीच्या तुकड्यावर थेंब टाकला, बोळा फिरवला. तसंच चिकटलं, तसंच ओढलं गेलं, तसंच वाळलं. वाळल्यावर गरम चहाचा कप ठेवला. कपाखाली पांढरं कडं उमटलं. लाखेच्या पॉलिशवर असं कडं उमटतं हे मी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे.

मग मोबाइल काढला. भाजीपाल्याचं, पावाचं, साबणाचंसुद्धा बघून झालं होतं. लाखेचं बघायचं कधी सुचलं नाही. झाडाच्या फांद्यांवरून खरवडतात, हे खरंच आहे. फांद्यांवर ती अंगातून पाझरवणारा किडा असतो, बारीक, हजारोंनी. खरवडताना तोही खरवडला जातो.

फळीचा तुकडा समोर होता. त्यात खिडकी दिसत होती. मी तो पालथा ठेवला.

१५ मार्च

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिनं चिरणं थांबवलंही नाही. म्हणाली, माहीत आहे मला. ग्लेझचं वाचलं त्या दिवशीच लेकीनं सांगितलं होतं. बाटली नमुन्याला आली होती, एकदाही वापरली नाही, टाकायची राहून गेली.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? मी त्या दिवशी एवढं प्रवचन दिलं तुला, डिंकाचं आणि देणगीचं.

तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

“मी सांगणारच होते. ती म्हणाली, नको. म्हणाली, बाबाचं दूध गेलं, सरस गेला, गल्लीतल्या कुणाशी धड बोलणं राहिलं नाही. आता त्याच्याकडे पॉलिश तेवढं उरलंय. ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.”

मी लेकीला साखर कुठली विचारली, रंग कुठला विचारला, फोनवर कोण बोललं ते विचारलं. तिच्याकडे मला विचारण्यासारखा एकच प्रश्न होता आणि तो तिनं विचारला नाही. चटक्यांच्या रेघा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तेव्हा मी धंद्याची नजर वगैरे लिहिलं आहे, वर आहेच ते. खोडत नाही.

दुपारी दुकानात गेलो, पटाशी आणि पॉलिश-पेपर घेऊन. लेक खोकी उघडत होती. मी म्हटलं, एका रात्रीत सगळं खरवडून काढतो, जवसाचं तेल लावतो, चकाकी येणार नाही पण चालेल. ती माझ्या हातातल्या पटाशीकडे बघत राहिली. कळलं तिला.

“हात लावून तर बघ,” ती म्हणाली. “या दुकानातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे ती.”

“पण खोटी आहे ना.”

“खोटी कुठे, बाबा? तुला माहीत नव्हतं.” मग म्हणाली, “मलाही काही गोष्टी माहीत नसतील. उद्या-परवा कळतील. कळल्या की सोडेन. याच्यापेक्षा जास्त मला जमणार नाही, आणि तुलाही.”

पाटी अजून भिंतीलाच टेकून उभी होती. तिनं ती उलटी करून ठेवली. आता तसंही लावता येणार नाही, म्हणाली. मी पटाशी पिशवीत घातली आणि पाटी घरी घेऊन आलो.

पुढचं टेबल कशानं पॉलिश करायचं, ते मला माहीत नाही. तेलं आहेत, कारखान्यातली वार्निशं आहेत. त्यांत काय काय असतं ते बघावं लागेल. नको वाटतं बघायला. पण बघावं लागेल. त्या वासरासमोर मी काही कबूल केलेलं नव्हतं, तरी केल्यासारखंच आहे ते.

१६ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पाटी दारावर ठोकली. लेक आली तेव्हा मी स्टुलावरच होतो. ती खालून ओरडणार होती, मग तिनं वाचलं.

‘इथे प्राण्यांपासून आलेलं काहीही नाही.’ आणि त्याखाली, तशाच पांढऱ्या रंगात: ‘काउंटर सोडून.’

ती हसायला लागली. किती दिवसांनी हसली ते आठवतही नाही मला. डोळे पुसत म्हणाली, “आणि पाटी? पाटीला तर दोन हात दिलेस.”

तेही खरंच होतं. आता जागा उरली नव्हती. अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: ‘आणि ही पाटी.’

लोक आले. पाटी वाचून थांबले, काउंटरवर वाकून बघायला लागले, आणि प्रत्येकाला सगळी गोष्ट सांगायचं काम माझ्यावर आलं. बेकरीवालाही आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तपासनीस साहेब, एक विचारू का? मी म्हटलं, विचारा. त्यानं विचारलं की बदाम असे मळकट का दिसतात. मी म्हटलं, त्यांना स्वतःचं तेज आहे. त्यानं पाव किलो घेतले.

मग लेकीनं बशी पुढे ठेवली. पिवळी, लिंबाची जेली, एकच. बायको दारात उभी होती. लिंबाच्या सालीच्या मेणाचं मला आठवलं. चॉकलेटच्या यंत्राचंही आठवलं, ज्याचा या जेलीशी काही संबंध नाही. त्या दुसऱ्या कारखान्याचा माणूस फोनवर खरं बोलला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. माझे दोन्ही कोपर काउंटरवर होते.

काही विचारलं नाही. खाल्ली.

जरा जास्तच आंबट होती. ते मात्र तिला सांगितलं.